प्रत्येक कल्पनेचा नवा क्लास काढायचं बंद करा रे!

रविवारचा खेळ परत एकदा वाया गेला, आज मंगळवार उजाडला तरी माझं डोकं शांत होईना म्हणून लिहायला बसलोय. बेळगावात टिळकवाडीत मित्राच्या घरी माडीवर आमचं डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा टेबलावरचा खेळ) चालतं, दोन वर्षं झाली, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच. यात प्रत्येकाचं एक पात्र असतं, त्याचा पेशा म्हणजे क्लास, आणि ते लेव्हल 1 पासून 20 पर्यंत वाढत जातं. परवा आमचा एक गडी आला तो चौदा पानांचा प्रिंटआउट घेऊन, वर सगळ्यांसाठी झेरॉक्स पण काढून आणलेल्या, पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात ‘पैलवान, नवीन क्लास, लेव्हल 1 ते 20’. मी म्हटलं अरे हे कशाला करूलालास, फायटर आहे की, लढणाऱ्याचा क्लास. तर म्हणतो फायटरमध्ये पैलवान बसत नाही. झालं. साडेचारला बसलेलो, साडेसात वाजेपर्यंत त्या चौदा पानांवर वाद. तीन तास! एक फासा पडला नाही टेबलावर.

आणि त्या दिवशी खानापूरहून एक पोरगा पहिल्यांदा आला होता. पंचवीस-सव्वीस किलोमीटर, यष्टीनं, उभं राहून. आठवडाभर मला मेसेज करून करून त्यानं फायटरचं शीट, म्हणजे पात्राचा कागद, भरलेलं, पेन्सिलीनं, हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) खोडून परत लिहिलेले दिसत होते. तो गप बसून आमची भांडणं ऐकत होता आणि परतीच्या गाडीची वेळ झाली तसा उठून गेला. मला त्याचं तोंड अजून दिसतंय.

आता त्या पैलवान क्लासबद्दल. मी सगळा वाचलाय, न वाचता बोलत नाही. लेव्हल 1 ला ग्रॅपल (समोरच्याला धरून ठेवणं) करताना दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज. 2 ला नुसत्या हाताचा मार डी8, म्हणजे आठ बाजूंचा फासा. 5 ला एक्स्ट्रा अटॅक (एकाच्या जागी दोन वार), तो फायटरमधून जसाच्या तसा उचललेला. 7 ला आपल्यापेक्षा मोठ्या गड्याला धरता येतं, हे चांगलंय, मनापासून सांगतो. आणि मग संपलं! तिथून पुढं ग्रॅपलला अधिक 1, मग अधिक 2, मग दिवसातून एकदा परत रोल, मग दोनदा परत रोल, असं वीसपर्यंत ओढत नेलंय. कल्पना होती चार-पाच लेव्हलची, भांडं घेतलं वीस लेव्हलचं, मग पाणी ओतण्याशिवाय काय करणार? वर पहिल्या दोन लेव्हलमध्येच बहुतेक मसाला कोंबलेला, म्हणजे उद्या दुसरा कोणीतरी मल्टिक्लास करून, म्हणजे दोन क्लास मिसळून, दोन लेव्हल चाखणार आणि पळणार, आणि खरा पैलवान घेणारा बसणार पुढं जवळजवळ कोरडा.

तेच सबक्लास, म्हणजे क्लासमधलीच एक खास शाखा, केलं असतं तर? 5e, म्हणजे पाचव्या आवृत्तीत, फायटरला सबक्लासचं फीचर मिळतं 3, 7, 10, 15 आणि 18 ला. पाच जागा. पाच! त्याच्याकडं पाचच चांगल्या गोष्टी होत्या, नेमक्या बसल्या असत्या, बाकी अ‍ॅक्शन सर्ज (एका पाळीत जादा कृती), एक्स्ट्रा अटॅक, अंगातली ताकद हे सगळं फायटरनं दिलंच असतं की. बार्बेरियनमध्ये, म्हणजे रागाच्या भरात लढणाऱ्याच्या क्लासमध्ये, घातलं असतं तर चार जागा, डी12 चा हिट डाय (हिट पॉइंट ठरवणारा फासा) पण मिळाला असता. एका पानाचं काम आणि आम्ही सहाला खेळायला लागलो असतो.

मला राग याचा जास्त येतो की हा गडी स्वतः तालमीत जातो. मी त्याला तिथंच विचारलं, तुला वस्तादांनी पहिल्या दिवशी ढाक शिकवली काय रे? कलाजंग शिकवली? नाही ना? पहिलं जोर, बैठका, माती उकरणं, मान धरणं. सगळ्यांना तेच. मग कुणाची ढाक बसते, कुणाची धोबीपछाड, कुणी एकेरी पट काढण्यात पटाईत, ते नंतर ज्याच्या त्याच्या अंगावर. म्हणून काय ढाकवाल्याची तालीम वेगळी आणि पटवाल्याची वेगळी असती काय? बेस क्लास म्हणजे ते जोर-बैठका आहेत. सबक्लास म्हणजे डाव. एवढं सोपं आहे आणि ज्याला हे अंगानं माहिती आहे तोच टेबलावर बसला की विसरतो!

आणि हे आमच्याच गड्याचं नाही, हा खेळ बनवणाऱ्यांनी पण पन्नास वर्षं हाच घोळ घातलाय. 1974 ला तीनच क्लास होते, लढणारा, जादू करणारा आणि क्लेरिक (देवाच्या बळावर चालणारा). 1975 ला थीफ आला, ठीक, ते काम तिघांपैकी कुणाचं नव्हतं. पण त्याच वर्षी असॅसिन (मारेकरी) पण वेगळा क्लास म्हणून आला, मग 1989 च्या आवृत्तीत मुख्य यादीतून गायब, मग 2000 साली प्रेस्टिज क्लास (अटी पुऱ्या केल्यावरच मिळणारा), मग 2014 ला रोगचा, म्हणजे त्या थीफच्याच नव्या नावाचा, सबक्लास. एवढं फिरून शेवटी जिथं पहिल्यापासून असायला पाहिजे होता तिथं आला. 1978 चा बार्ड, म्हणजे गाणारा, तर बघा, आधी फायटरच्या लेव्हल घ्या, मग थीफच्या, मग कुठं बार्ड. अरे माणसाला गाणारा व्हायचंय तर तो पहिल्या दिवसापासून का गाऊ नये?

प्रेस्टिज क्लासनं तर आमचं एक चांगलं माणूस घालवलं. आधी आम्ही 3.5 ही जुनी आवृत्ती खेळायचो. एकीला आर्केन आर्चर, म्हणजे जादूचे बाण मारणारी, व्हायचं होतं. त्याला वंश एल्फ नाहीतर हाफ-एल्फ पाहिजे, बेस अटॅक (वाराचा आकडा) अधिक 6 पाहिजे, तीन ठरावीक फीट (जादा कसबं) पाहिजेत, वर पहिल्या लेव्हलचे आर्केन स्पेल (जादूचे मंत्र) पण यायला पाहिजेत. म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रत्येक फीट त्या एका दारासाठी राखून ठेवायची, मध्ये जे खेळतोय ते नुसतं वाट बघणं. ती वर्षभर अर्धी फायटर अर्धी विझर्ड (जादूगार) म्हणून कशीबशी खेळली, दोन्हीत मागं. आणि दार उघडायच्या आधीच दोघं नोकरीला पुण्याला गेले, एक बेंगळूरला, आणि खेळ मोडला. बेळगावात हे असंच होतं, पोरं राहतात किती दिवस? बाण सोडायचाय त्या माणसाला आज बाण सोडू द्या ना. 2024 च्या नियमांत सगळ्यांचा सबक्लास 3 ला आणलाय, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे, तिसरी लेव्हल आम्ही महिन्या-दीड महिन्यात गाठतो.

आता गड्याचं एक म्हणणं मला पटलं ते पण लिहितो, नाहीतर अन्याय होईल. तो म्हणाला बेस क्लासच एवढा अरुंद केला तर माणूस नवा काढणारच की. बरोबर! 2014 चा रेंजर, म्हणजे रानात वावरणारा क्लास, घ्या. नॅचरल एक्सप्लोरर म्हणून आपला एक प्रदेश निवडायचा. आमच्यात एकानं जंगल निवडलं, कारण गोष्ट खानापूरच्या रानात सुरू होती, भीमगडाच्या बाजूला, तिथं गडी राजा होता. मग मी गोष्ट नेली सौंदत्तीकडं, सगळी काळी माती, उघडं माळरान, आणि त्याचं ते फीचर गेलं पाण्यात, चार रविवार तो नुसता बाण मारत बसला. चूक रेंजर घेणाऱ्याची नाही, माझी पण नाही, खास गोष्ट बेसमध्ये घातली त्याची आहे. बेस क्लास कुठल्याही गावात, कुठल्याही रविवारी चालला पाहिजे. जंगलवाला, माळवाला हे वरचं. 2020 ला त्याला पर्यायी फीचर दिलं तेव्हा कुठं जरा बरं झालं.

म्हणून माझ्या टेबलावर आता एकच विचारणार. तुझा माणूस फायटरपेक्षा वेगळं काम करतो, की फायटरचंच काम वेगळ्या ढंगानं करतो? ढंग वेगळा असेल तर मला पाच ओळी आण, 3, 7, 10, 15, 18, मी रात्रीत बघून देतो, खेळायच्या आदल्या दिवशी. दांडपट्टावाला असू दे, मावळा असू दे, गोंधळी बार्ड असू दे, मला सगळे पाहिजेत, लई आवडतील. पण चौदा पानं घेऊन रविवारी साडेचारला यायचं नाही. त्या वेळेला फासे पडायला पाहिजेत.

खानापूरच्या पोराला काल दोन मेसेज टाकले. ब्लू टिक आल्यात, उत्तर नाही. परत सांगतो, ये बाबा. तुझा फायटर जसा आहे तसा चालतोय, पहिला टर्न तुझा.