‘भाड्याची टीम’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. आफ्रिकेजवळचा बेटांचा देश केप व्हर्दे २०२६च्या फुटबॉल वर्ल्ड कपला पात्र ठरला, त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “युरोपात जन्मलेल्या पोरांची भाड्याची टीम. ४८ संघांमुळे दार उघडलं, एवढंच. लेखकाने भावनेत वाहण्याआधी अभ्यास करावा.”

आधी माझी चूक. वर्ल्ड कपला पोचलेला ‘सर्वांत लहान देश’ असं मी लिहिलं, ते चुकलंच. २०१८ला खेळलेला आइसलँड लोकसंख्येने लहान आहे, क्युरासाओ तर त्याहून लहान. दुरुस्त केलं, आभार.

पण ‘भाड्याची’? अभ्यास काढलात म्हणून विचारतो, हा शब्द कोणत्या अभ्यासातून आला? संघातला बचावपटू पिको लोपेस डब्लिनचा, वडील केप व्हर्देचे. लिंक्डइनवर पोर्तुगीजमधून आलेलं राष्ट्रीय संघाचं बोलावणं त्याने आधी स्पॅम समजून सोडून दिलं होतं. भाड्याने माणसं अशी आणतात? आणि पात्रता फेरीत इस्वातिनीला ३-० हरवून वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं केलं, त्यातला शेवटचा गोल स्तोपिराचा. तो राजधानी प्रायाचाच. गोलकीपर वोझिन्या तिथल्याच मिंदेलो शहराचा. ही नावं माझ्या लेखात होती. वाचायचे कष्ट घेतले असतेत तर दिसली असती.

दहा बेटं, पाऊस बेभरवशाचा. १९४०च्या दशकातल्या दुष्काळांत तिथे हजारो माणसं उपाशी मेली. लोक रॉटरडॅमला, लिस्बनला, बोस्टनकडे गेले ते हौसेने नव्हे. आज बेटांवर आहेत त्याहून जास्त केप व्हर्दियन बाहेर आहेत. त्यांची मुलं कुणाची?

हे मला कुणी शिकवायची गरज नाही. आजोबा राजापूरहून गिरणीत आले, वडील परळच्या चाळीत जन्मले. दर मे महिन्यात ते गावच्या संघातून कबड्डी खेळायचे. एका वर्षी समोरच्या संघाने हरकत घेतली, ‘हा मुंबईचा, चालणार नाही.’ वडील पंचांपुढे वाडीतलं घर, कुलदैवत, भाऊबंदांची नावं सांगत उभे राहिले. आज ऐंशीव्या वर्षीही ते सांगताना त्यांचा आवाज चढतो. तुमची प्रतिक्रिया वाचून माझाही चढला, हे लपवत नाही.

वर्ल्ड कपचे संघ वाढवून ४८ केले म्हणून दार उघडलं, या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. पात्रता फेरीत त्याच गटात अनेक वर्ल्ड कप खेळलेला कॅमेरून होता आणि प्रायात १-०ने हरला, एवढं पाहा.

असहमती जरूर लिहा, मी काढून टाकणार नाही. मात्र तो शब्द मागे घेतलात तरच पुढे बोलू.