बंदिस्त स्केटिंग मैदानांवरील लेख : निपाणीच्या वाचकांना उत्तर

महोदय,

नेदरलँड्समधील बंदिस्त स्पीड स्केटिंग मैदानांवरील माझ्या लेखाला आपण निपाणीहून दिलेली प्रतिक्रिया वाचली. तीत तीन आक्षेप आहेत : तो देश श्रीमंत असल्यामुळे आपल्याशी तुलना गैरलागू आहे, बर्फ टिकवण्यासाठी लागणाऱ्या विजेविषयी मी काहीच लिहिलेले नाही, आणि ‘ज्याने बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला, त्याने बेळगावात बसून हॉलंडच्या बर्फावर लेख पाडू नयेत.’ विजेचा मुद्दा रास्त आहे, त्यावर एखादे वाक्य लेखात चालले असते. श्रीमंतीचा मुद्दा इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर शाई खर्च करण्याची इच्छा नाही. उरला फ्रीज.

ते वाक्य लिहिताना आपल्याला मौज वाटली असेल. परंतु लेखातील एखादी ओळ दाखवून ती चुकीची ठरवण्याऐवजी लेखकाने आयुष्यात काय पाहिले असेल याचा अंदाज बांधून त्याला गप्प करू पाहणे, याला टीका म्हणत नाहीत. मी बर्फावर स्केटिंग केल्याचा दावा लेखात कोठेही नाही. चाकांच्या स्केट्सवर मात्र माझे तरुणपण गेले. पुढे मुलांना शिकवले, शर्यतींत स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. बेळगावचा पाऊस निपाणीत बसून आपल्याला कदाचित पुरता कळत नसेल (असे लिहिणे किती सोपे असते, पाहा). उघडी रिंक (स्केटिंगचे मैदान) जूनमध्ये एकदा भिजली की वळणावर चाक पकड घेत नाही, क्रॉसओव्हर, म्हणजे एका पायावरून दुसरा पाय, टाकताना पाय बाहेर निसटतो, आणि मग पाऊस सरेपर्यंत मुले कोणाच्या तरी मंगल कार्यालयात खुर्च्या बाजूला सारून नुसत्या बैठका मारत राहतात. एका संस्थेकडे आम्ही पत्र्याचे छप्पर मागितले होते, त्यावर ‘पुढच्या बैठकीत पाहू’ एवढे उत्तर मिळाले आणि ती बैठक अजून व्हायची आहे. ज्याचा सराव पावसाने दरवर्षी मोडला, त्याला छपराचे मोल सांगण्याआधी बर्फाला हात लावून यावे लागत नाही.

आणि लेख छपराविषयीच होता. नेदरलँड्समधील हीरेनव्हीन या गावचे थियाल्फ १९६७ साली उघडे स्केटिंग मैदान म्हणून सुरू झाले आणि १९८६ मध्ये त्यावर छप्पर आले. ४०० मीटरच्या मार्गावर स्पर्धक दोघे-दोघे धावतात, पण निकाल सर्वांच्या वेळा एकत्र मांडून लागतो. त्यामुळे पहिल्या जोडीला समोरून वारा आणि दहाव्या जोडीला निवांत हवा मिळाली, तर पदक हवामानच वाटते. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये या शर्यती प्रथमच छताखाली झाल्या, आणि १९९२ च्या अल्बर्टव्हिलनंतर ऑलिंपिकमध्ये त्या पुन्हा उघड्यावर झालेल्या नाहीत. जागतिक उच्चांक कॅल्गरी आणि सॉल्ट लेक सिटीत अधिक होतात, याचे कारण तेथील उंचीवरची विरळ हवा आहे. (उंचीपुरते बेळगावही हीरेनव्हीनच्या पुढे आहे, हवे तर हाही दावा माझ्या नावावर मांडून ठेवावा.)

नेदरलँड्सने एका थियाल्फवर समाधान मानले नाही. डेव्हेंटर, ग्रोनिंगेन, एन्स्खेडे येथेही छताखालचे मार्ग झाले, २०१५ मध्ये लेउवार्डेनला आणखी एक उभा राहिला, आणि लेउवार्डेन ते हीरेनव्हीन हे अंतर जवळजवळ आपल्या बेळगाव-खानापूरएवढेच आहे. ॲमस्टरडॅमचा १९६१ चा याप एडन मार्ग आजही उघडा आहे, तेव्हा सगळेच बंदिस्त आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र गोठलेल्या कालव्यांवरची सुमारे २०० किलोमीटरची ‘अकरा शहरांची शर्यत’ १९९७ नंतर झालेलीच नाही, कारण संपूर्ण वाटेवर पुरेसा जाड बर्फ पुन्हा धरला नाही. तरीही २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये याच देशाने स्पीड स्केटिंगच्या ३६ पदकांपैकी २३ मिळवली. ही पदके कालव्यांनी दिलेली नाहीत. घरापासून सायकलच्या अंतरावर, कोणत्याही हवेत सराव करता येतो, त्या सोयीचा त्यांत मोठा वाटा आहे. आपल्या कसोटीने पाहिले, तर कालव्यांवरची ती शर्यत न पाहिलेल्या तेथील तरुणांनीही बर्फाविषयी बोलू नये.

आपल्या देशात ४०० मीटरचा बंदिस्त बर्फमार्ग एकही नाही. देहरादूनची २०११ सालची रिंक अनेक वर्षे बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण तीवर १११.१२ मीटरचा शॉर्ट ट्रॅक, म्हणजे आखूड शर्यतमार्गच बसतो. पुढचा लेख तिच्यावर आहे. त्यात चूक आढळल्यास नेमकी ओळ दाखवावी. टोपणनावानेच लिहिले तरी उत्तर मिळेल.