टीम बदलता येत नाही म्हणजे नाहीच

ऑस्ट्रेलियन म्हटलं की आपल्याला काय आठवतं, स्टीव्ह वॉ, पॉन्टिंग, २००३ ची ती फायनल आणि च्युइंगम चघळत तोंड चालवणारी अकरा माणसं. जिंकायलाच जन्माला आलेली जमात. मी पण २०१३ ला मेलबर्नला आलो तो डोक्यात हेच घेऊन आलो आणि त्यापायी ऑफिसात माझी जी शोभा झाली ती अजून विसरलेलो नाही.

झालं असं की इथं मार्च आला की ऑफिसात टिपिंग सुरू होतं, म्हणजे दर आठवड्याला फूटीच्या मॅचेस कोण जिंकणार ते सांगायचं, वर्षाच्या शेवटी ज्याचे अंदाज जास्त बरोबर त्याला जमलेले पैसे. (फूटी म्हणजे आपला फुटबॉल नव्हे बरं का, ऑस्ट्रेलियन रूल्स. लंबगोल मैदान, लंबगोलच बॉल, अठरा विरुद्ध अठरा, मधल्या दोन उंच खांबांमधून मारला तर सहा पॉइंट आणि थोडा बाजूला गेला तर एक. नेम चुकला तरी एक पॉइंट देतात, ही गोष्ट मला फार आवडते.) तर कुणीतरी विचारलं, तू कुणाला बॅरॅक करतोस, म्हणजे तुझी टीम कुठली? मी म्हटलं हॉथॉर्न. का रे? म्हटलं, जिंकतात की ते. सगळे एकदम गप्प. वडिलांचा पगार कमी होता म्हणून शेजारच्या काकांना बाबा म्हणायला लागलो असं काहीतरी मी बोललोय असं त्यांच्या तोंडाकडं बघून वाटलं.

खरं तर मला कळायला पाहिजे होतं. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील विरुद्ध शिवाजी असली की काय वातावरण असतं ते बघत मोठा झालेला माणूस मी. पेठेतल्या पोराला कोणी विचारतं का तू शिवाजीकडून का, पाटाकडील चांगलं खेळतंय की यंदा? विचारून बघा फक्त. मेलबर्न म्हणजे तेच, फक्त लाखभर माणसांच्या स्टेडियमात. एएफएल म्हणजे फूटीची सगळ्यात मोठी लीग, तिच्यात अठरा क्लब, त्यातले नऊ एकट्या मेलबर्नचे, कॉलिंगवूड, रिचमंड, कार्लटन, सेंट किल्डा, ही सगळी इथल्या उपनगरांची नावं, पेठाच म्हणा. आजोबा त्या गल्लीत राहायचे म्हणून तो क्लब, मग बाप, मग तुम्ही, आता तुम्ही वीस मैल लांब राहायला गेलात तरी क्लब तोच.

२०१५ ला आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला यॅराव्हिलला राहायला आलो. शेजारी एक आजोबा, तेव्हा साठी कधीच ओलांडलेली, कुंपणावरून लिंबं देणारे. त्यांचा क्लब वेस्टर्न बुलडॉग्ज, पण हे नाव ते कधी तोंडातून काढत नाहीत, क्लबनं नाव बदलून जमाना झाला तरी यांच्यासाठी ते फूटस्क्रेच. आणि फूटस्क्रे म्हणजे कोण, तर १९५४ साली एकदा जिंकलेली टीम. एकदाच. त्या फायनलला आजोबा सहा वर्षांचे, वडिलांबरोबर गेलेले. मॅचमधलं काही आठवत नाही म्हणतात, वडील रडत होते एवढंच आठवतं आणि त्यावरून आपण हरलो असं वाटून हे पण रडायला लागले म्हणे 😄

१९८९ ला तर क्लबच बंद व्हायची वेळ आली होती. डोक्यावर कर्ज, वरच्यांनी ठरवलं की फिट्झरॉयबरोबर विलीन करून टाकायचं. मग लोक उठले. आयरीन चॅटफील्ड नावाची एक साधी सपोर्टर बाई कोर्टात गेली, पीटर गॉर्डन हा वकील पुढं झाला, मुदत मिळाली तीन आठवड्यांची आणि त्या तीन आठवड्यांत कामगार वस्तीतल्या लोकांनी डबे फिरवून, दारोदार जाऊन पैसे उभे केले. आमचे आजोबा बादली घेऊन सुपरमार्केटच्या दारात उभे होते. एका बाईनं म्हणे पर्स उलटी करून सुट्टे पैसे ओतले आणि मग दोन नाणी परत मागून घेतली, ट्रामचं तिकीट काढायला. ही गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलीय आणि दर वेळी ती दोन नाणी सांगताना थांबतात.

क्लब वाचला. ज्या फिट्झरॉयशी लग्न लावणार होते ते मात्र १९९६ ला संपलं, ब्रिस्बेनच्या टीममध्ये विलीन झालं. पुढं ब्रिस्बेन लायन्सनी २००१, २००२, २००३ असे सलग तीन कप मारले, अंगावर सिंह फिट्झरॉयचाच, पण जुन्या लोकांना विचारा. काही गेले ब्रिस्बेनकडं, काहींनी फूटी बघणंच सोडलं. फिट्झरॉय नाव आता हौशी लीगमध्ये ब्रन्सविक स्ट्रीटच्या जुन्या मैदानावर खेळतं, मी एका शनिवारी गेलो होतो, बायाबापड्या, कुत्री, हातात मीट पाय (इथली खिम्याची पॅटिस), आणि एक म्हातारा ऐन उन्हात लोकरीचा जुना स्कार्फ गुंडाळून बसलेला. आपल्याकडं निष्ठा हा शब्द हल्ली पक्ष बदलतानाच ऐकू येतो, त्यामुळं ते बघून जरा बावचळल्यासारखं झालं.

आणि हे नुसतं भावनिक प्रकरण आहे असं समजू नका, त्यामागं व्यवस्था पण आहे. बहुतेक क्लबांना कोणी शेठ मालक नाही, क्लब मेंबरांचा, दरवर्षी फी भरायची, बोर्डाला मत द्यायचं. आयपीएलसारखं लिलावात टीम विकली, नाव बदललं, गाव बदललं, तसं सहसा चालत नाही. पगारावर मर्यादा, म्हणजे श्रीमंत क्लब सगळे हिरे उचलून नेऊ शकत नाही. आणि ड्राफ्ट, यंदा सगळ्यात तळाला असाल तर नव्या पोरांमध्ये पहिली निवड तुमची. म्हणजे हरणाऱ्याला पुढच्या वर्षीची आशा नियमानंच मिळते. मला वाटतं अर्धी निष्ठा इथं आहे.

पण सगळं गोड गोड लिहिलं तर मी खोटा. हीच निष्ठा कळपाची होते तेव्हा किती घाण होते ते पण याच शहरांनी दाखवलंय. ॲडम गुड्स, सिडनी स्वान्सचा खेळाडू, आदिवासी समाजातला, दोनदा ब्राऊनलो पदक (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं), २०१४ चा ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर. वर्णद्वेषावर स्पष्ट बोलला म्हणून २०१५ मध्ये बॉल त्याच्याकडं आला की हजारो लोक हुर्यो उडवायचे, मैदानामागून मैदान. त्या वर्षअखेर तो शांतपणे निघून गेला. लीगनं आणि क्लबांनी माफी मागितली २०१९ ला. आम्ही तर फक्त दुसऱ्या टीमला हुर्यो करतो, त्यात रंगाचा काय संबंध, असं म्हणणारे मला ऑफिसात भेटलेत, चांगली माणसं होती हो, पण त्या वाक्यावर माझा विश्वास तेव्हा पण बसला नाही, आता पण नाही. ब्राऊन माणूस म्हणून गर्दीत उभं राहिलं की ते आवाज वेगळे कळतात.

असो. २०१६. बुलडॉग्ज सातव्या नंबरवर शेवटच्या टप्प्यात घुसले, सातव्यावरून आजवर कोणी कप घेतलेला नव्हता. पर्थमध्ये जाऊन जिंकले, मग हॉथॉर्नला घरी पाठवलं, मग सिडनीत तिथल्या दुसऱ्या टीमला, जायंट्सना, सहा पॉइंटनं. फायनल सिडनी स्वान्सशी. आजोबांना तिकीट मिळालं नाही. शेवटच्या क्वार्टरला टीव्ही बंद करून बाहेर आले आणि भर मॅचमध्ये गवत कापायला लागले, मशीनचा एवढा आवाज की काही ऐकू येऊ नये. मी आत बघतोय, आमच्या टॉम बॉइडनं एवढ्या लांबनं मारला, बॉल टप्पे खात खात खांबांमधून गेला, मी ओरडत कुंपणाकडं पळालो आणि आजोबा मशीन बंद न करता हातानंच खुणा करतायत, सांगू नको, सांगू नको. संपल्यावर सांगितलं. बासष्ट वर्षांनी. ते काही बोलले नाहीत, राहिलेलं अर्धं गवत कापून पूर्ण केलं. नंतर कोच बेव्हरिजनं आपलं पदक जखमी होऊन बाहेर बसलेल्या कॅप्टन बॉब मर्फीच्या गळ्यात घातलं ते रिप्ले बघताना मात्र आजोबा उठून किचनमध्ये गेले.

तेव्हापासून मी बुलडॉग्जचा. मेंबरशिप, स्कार्फ, सगळं. पोराला पण त्यातच घातला.

मग २०२४ च्या सप्टेंबरात एमसीजीवर बाद फेरीत हॉथॉर्ननं आम्हाला सरळ धुतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आजोबा कुंपणाला टेकून दुखवटा पाळत उभे, तेवढ्यात पोरगं आलं आणि मोठ्यानं म्हणालं, बाबा, तुमची जुनी टीम जिंकली की!

हे मी आजोबांना नऊ वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग विचारलं, किती वर्षं होतास? म्हटलं, तीन. २०१३, १४, १५.

"तिन्ही वर्षं जिंकले होते ना ते?" म्हणाले, आणि लिंबं न देता आत गेले.