माझं तिखट नापास झालं तेव्हा

गेल्या माघात माझं लाल तिखट नापास झालं.

गंमत नाही करत. नाशिकच्या एका खाजगी प्रयोगशाळेतून कागद आला. त्यात सात-आठ ओळी होत्या. ओलावा ठीक, रंगाची भेसळ नाही, एकूण राख काठावर पास. आणि एक ओळ होती, 'आम्लात न विरघळणारी राख'. मर्यादा १.३ टक्के, आमचा आकडा २.४. समोर इतकंच लिहिलं होतं, मानकाप्रमाणे नाही.

आम्ही दोंडाईचेकर. मिरची आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही, असा माझा तोवरचा तोरा होता. नंदुरबारला आणि आमच्याकडे हंगामात गावाबाहेरची रानं लाल होतात. ओली मिरची पथारीवर, म्हणजे उघड्या जमिनीवर, टाकतात, पंधरा-वीस दिवस उन्हात उलटीपालटी करतात, बाया बसून देठ खुडतात, फटकी, म्हणजे रंग उडालेली, वेगळी काढतात. तिथूनच मी मिरची आणते. सासूबाईंच्या देखरेखीखाली भाजणं, कांडप, चाळणं. काळा मसाला आणि तिखट, दोनच वस्तू. दहा वर्षं ओळखीच्या घरांत विकतेय, कधी कोणाची तक्रार नाही. पुण्यातल्या एका दुकानदाराने ऑर्डर देताना 'रिपोर्ट लागेल' म्हटलं, म्हणून नमुना पाठवला. नाहीतर कशाला पाठवतेय!

सासूबाईंना सांगितलं तर त्या आधी माझ्याकडे आणि मग कागदाकडे बघत राहिल्या. "माय वं, आते मन्हा हातना मसालाले बी कागद लागी का?" आणि कारण कळल्यावर, "रेती कथाईन उनी वं?" रेती आली कुठून?

हाच प्रश्न मी प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोनवर विचारला. त्यांनी न कंटाळता सांगितलं, त्यांचे उपकार. थोडं तिखट मोजून साधारण ५५० अंशांच्या भट्टीत ठेवतात. मिरचीचं जे काही मिरचीपण आहे ते सगळं जळून जातं, उरते राख. ती पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात उकळतात. झाडाने जमिनीतून ओढलेले क्षार विरघळतात. जे विरघळत नाही ती माती, रेती. ते गाळून, पुन्हा जाळून, वजन करतात. म्हणजे माझ्या पाव किलोच्या पुडीत सहा ग्रॅम जमीन होती. चहाच्या चमच्याला थोडी कमी. पुडी घेणाऱ्या प्रत्येक बाईला मी मिरचीच्या भावाने पथारीची धूळ विकत होते, तीसुद्धा 'घरचं आहे हो, एकदम शुद्ध' असं सांगून.

दातांखाली कधी कचकच लागली नव्हती. इतकी बारीक असते ती. त्या रात्री काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वर चमचाभर तिखट सोडलं. रंग हळूहळू उतरला, साल वर तरंगत राहिली. सकाळी तळाशी बोटाला खरखरीत लागेल असा करडा थर होता. सासूबाईंनी बोट फिरवलं, दुसऱ्या बोटाशी चोळून पाहिलं आणि काही न बोलता चूल पेटवायला गेल्या.

आता मुद्द्याचं. भेसळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक माणूस येतो. पोत्यात विटेची भुकटी ओतणारा, दुधात युरिया कालवणारा. असे हरामखोर आहेतच, नाही म्हणत नाही. पण माझ्या तिखटात माती कोणी ओतली नव्हती. वाऱ्याने आणली, उघड्या जमिनीने दिली आणि माझ्या तोऱ्याने ती पुडीत भरली. शेजारच्या व्हॉट्सअप ग्रुपवर प्लास्टिकच्या तांदळाचे व्हिडिओ फिरवणाऱ्या आपण सगळ्या चुकीच्या चोरामागे धावतोय असं मला हल्ली वाटतं.

घरगुती परीक्षांचंही तसंच. आमच्या ओळखीतल्या एकींनी हळदीचा डाग साबणाने धुतला, तो लालभडक झाला, तर 'हळदीत रंग आहे' म्हणून दुकानदाराशी भांडून आल्या. अहो, शुद्ध हळदच अल्कलीत लाल होते, कुंकू आपण पिढ्यान् पिढ्या कसं करतोय? पिवळ्या बंदी असलेल्या रंगाची, मेटॅनिल यलोची, परीक्षा आम्लाने करतात. त्यातही खुबी आहे. आम्ल टाकल्यावर खरी हळदही गुलाबी होऊ शकते, पण वर पाणी ओतलं की तो गुलाबी जातो. रंग असेल तर गुलाबी टिकून राहतो. अर्धी परीक्षा बघून निकाल लावला की निरपराध दुकानदार फासावर.

आणि काही गोष्टी ग्लासात, चिमटीत, जिभेवर कळतच नाहीत. माझी खरी झोप उडाली ती त्यांनी. अवकाळी पाऊस पथारीवर पडला की मिरची भिजते. पुन्हा वाळवली, वरून लालच दिसते, पण आतून बुरशी लागलेली असू शकते. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. यकृताचा कर्करोग त्याच्याशी जोडलेला आहे. भाजून, उकळून ते पुरतं जात नाही. मसाल्यात त्याची मर्यादा आहे किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, असे तीस. हे कोणत्या सुगरणीला वासावरून कळणार? १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात, पंचमहाल आणि बांसवाड्याकडे, पावसात भिजून बुरशीने खराब झालेला मका खाऊन शंभरावर माणसं काविळीने गेली. मका आपल्या सातपुड्यातल्या घरांतही रोज शिजतो.

दुधाचंच बघा. २०१९ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातल्या दुधाच्या ६,४३२ नमुन्यांचा अहवाल काढला. सगळ्यांना वाटलं, युरिया, साबण, डिटर्जंट धो धो निघणार. भेसळीचे निघाले १२. आणि अफ्लाटॉक्सिन एम-१, म्हणजे त्याच विषाचं दुधात उतरणारं रूप, मर्यादेपेक्षा जास्त निघालेले ३६८! हे कुठून येतं? गाई-म्हशीच्या चाऱ्यातून, पेंडीतून. आपल्याकडे सरकीची ढेप म्हणजे जनावराचं पक्वान्न. ओल्या गोठ्यात पोतं पडून बुरसतं, 'माणसांना थोडीच घालतोय' म्हणून तेच घमेल्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी कपात येतं. दुधवाल्या दादाने पाणी घातलं का म्हणून आपण लॅक्टोमीटर घेऊन बसतो. (पाणी घालून वर साखर किंवा मीठ टाकलं तर लॅक्टोमीटरही फसतो, ते वेगळंच.)

तर तपासणी हवीच. पण कागदावरही आंधळा विश्वास नको, हे मी स्वतःच्या लबाडीवरून सांगते.

नापास झाल्यावर मी सुधारणा केल्या. ताडपत्रीवर वाळवलेलीच मिरची घ्यायची, आणल्यावर पुन्हा चाळणीवर झटकायची, काळ्या मसाल्याचं दगडफूल निवडून घ्यायचं, कारण त्याच्या बेचक्यांत काय काय दडलेलं असतं ते एकदा परातीत झटकून बघा. मग दुसरा नमुना पाठवायची वेळ आली. मी काय केलं? पोत्यातून एकेक मिरची निवडली. लांबट, चकाकती, ओल्या फडक्याने पुसून घेतलेली. पाव किलो. लेकीला बघायला आलेत अशा थाटात तिला नटवली. आणि पुसता पुसता लाज वाटली. कारण ते पाव किलो पास झालं असतं, आणि मी विकणार होते उरलेली तीन पोती.

पहिला रिपोर्ट पुन्हा काढून बघितला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच, 'निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता. नमुना प्रयोगशाळेने घेतलेला नाही.' ही ओळ कोणी वाचत नाही. दुकानात काचेत मढवून लावलेले रिपोर्ट असतात ना, जवळ जाऊन तारीख बघा. चार-चार वर्षं जुने. कोणत्या घाण्याचे, कोणत्या बॅचचे, पत्ता नाही. गणपतीच्या फोटोशेजारी टांगले की झालं, दोघांनाही उदबत्ती.

नमुना कोणी, कसा घेतला, यावर अर्धी तपासणी अवलंबून असते. सरकारी अधिकारी नमुना घेतो तेव्हा कायद्याने त्याचे चार भाग करून सील करावे लागतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन राखीव, आणि चौथा विक्रेत्याने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. पहिला अहवाल चौदा दिवसांत यायला हवा आणि तो पटला नाही तर अपील करता येतं. यात विक्रेत्याची बाजूही आहे, हे मला आवडलं. २०१५ मध्ये मॅगीत शिसं जास्त असल्याच्या अहवालांवरून बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, कारण ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर सगळं उभं होतं त्यांना त्या कामाची रीतसर मान्यताच नव्हती. पुन्हा तीन मान्यताप्राप्त ठिकाणी तपासायला लावलं, शिसं मर्यादेत निघालं. तोवर देशभरातला माल परत मागवून नष्ट करणं सुरू झालं होतं.

ग्राहकालाही हक्क आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४०. फी भरून तुम्ही-आम्ही कोणीही विकत घेतलेली वस्तू अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि दोष निघाला तर फी परत. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला नेतेय. आता गावात, जिथे किराणावाले काका आपल्या लग्नात पंगत वाढत होते, तिथे हे वाक्य उच्चारून दाखवा! काका पुडी देतील, पण पुढच्या दिवाळीला उधारी बंद.

माझा राग आहे तो अंतरावर. केळी, मिरची, मका, डाळी, दूध, सगळं इथून ट्रक भरून जातं, आणि माझ्यासारखीला तिखटाची चिमूट तपासायला पार्सल नाशिकला पाठवावं लागतं. फी एवढी की बचत गटातल्या बायका ऐकूनच हात जोडतात. प्रत्येक बॅचची सगळी तपासणी कोणालाच परवडणार नाही, मान्य. पण बाजार समितीत हंगामाचे तीन-चार महिने ओलावा, राख आणि अफ्लाटॉक्सिन एवढंच बघणारी खोली असावी, शंभर गटांनी मिळून फी भरावी, याला काही चंद्रावर जायला नको. 'खान्देशी मसाला' म्हणून पाकिटावर मिरवायचं तर एवढं करायला हवं.

दुसरा नमुना शेवटी सासूबाईंनी काढला. नटवलेली मिरची मी परत पोत्यात ओतली. तिन्ही पोत्यांतून, वरून, मधून, तळातून एकेक ओंजळ घेतली, कांडली. परातीत ढीग केला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे काढायचे, पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग. सासूबाईंनी हाताच्या कडेने भाकरीच्या पिठासारखी सफाईने फुली मारली आणि म्हणाल्या, "आते जे शे ते शे."

१.१ आलं. सासूबाईंनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि डब्यांच्या फळीवर जुन्या नापास कागदाच्या वर ठेवून दिला. दोन्ही तिथेच आहेत.