उपवास आणि केमो : डच चाचणीची दुसरी बाजू

स्तनाच्या कर्करोगात केमोच्या आधी उपवास केला की केमोचा त्रास कमी होतो, असं उपवास आणि केमोवरच्या तुमच्या लेखात ठामपणे म्हटलंय. ते तितकं सरळ नाही. नेदरलँड्समधल्या ज्या 'डायरेक्ट' चाचणीचा दाखला सगळे देतात, ती 2020 साली प्रसिद्ध झाली. त्यात 131 स्त्रिया होत्या. एका गटाने केमोच्या आधी तीन दिवस आणि केमोच्या दिवशी अगदी कमी उष्मांकाचा, कमी प्रथिनांचा आहार घेतला. दोन्ही गटांत त्रासाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. मात्र हा आहार घेणाऱ्या, म्हणजे उपवासाच्या गटाला डेक्सामेथासोन (केमोतली मळमळ कमी करायला देतात ते स्टेरॉइड) दिलं नव्हतं, दुसऱ्या गटाला दिलं होतं. म्हणून काहीजण याला उपवासाचं यश मानतात. मला ते अर्धंच पटतं. स्कॅनवर गाठ आक्रसण्याचं प्रमाण उपवासवाल्यांत जास्त दिसलं, पण गाठ पूर्ण नाहीशी होण्यात फरक नव्हता. आणि बहुतेकींना हा आहार सगळ्या फेऱ्यांना झेपलाच नाही, हे लेखात का नाही?

आपल्याकडे तर उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाटा. एकादशी नि दुप्पट खाशी! त्याचा या प्रयोगाशी काडीचा संबंध नाही.

माझ्या नणंदेचं केमोत वजन इतकं उतरलं होतं, की आहारतज्ज्ञ बाई रोज अंडी, पनीर, डाळ खायला बजावत. तिच्यासारखीने हे वाचून जेवण सोडलं तर? मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना तर साखर एकदम उतरण्याचा धोका. लेखात निदान तेवढी एक ओळ घाला.