कुत्र्याले कुल्फी?

खेड्यातल्या एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा म्हणजे वीतभर उंचीची खोली, आणि मे महिन्यात सगळं घर तिथं राहायला येतं. पोरांच्या बर्फकांड्या, पाहुण्यांच्या सरबताचा बर्फ, शेजारणीनं 'आमच्या फ्रीजचा गॅस गेला' म्हणून आणून ठेवलेला दुधाचा डबा. अशात मी कुत्र्याच्या नावानं, त्याला उन्हाळ्यात चाटायला बर्फ म्हणून, दोन वाट्या आत सरकवायला लागलो, की घरच्यांची तोंडं वाटणीच्या दिवशी सावत्र भाऊ उगवल्यासारखी होतात. सपरीसमोरून जाणारे काकाजी वेगळेच थांबतात. "काहून बाप्पा, कुत्र्याले कुल्फी? अन् आमाले माठातलं पानी?" या प्रश्नाला उत्तर नाही. काकाजींना पाणी द्यायचं आणि कामाला लागायचं.

माणसाला घाम आहे, दुपट्टा आहे, कूलर आहे. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. बाकी सगळा कारभार जिभेवर. धापा टाकून तो तोंडातला ओलावा उडवतो आणि अंग निववतो. म्हणजे कूलरही तोच आणि टाकीही तोच. टाकी आटली की नुसती घरघर उरते. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की आपला कूलर जसा हात टेकतो, तशी त्याची धापही निकामी होते. म्हणून पारा 45 वर असतानाच नाही, पहिल्या सरीआधीच्या उकाड्यातही त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. बर्फ चाटून कुत्रा आतून गारठत नाही. 100 ग्रॅम बर्फ वितळून त्याच्या अंगाच्या तापमानाला येईपर्यंत साधारण 12 किलोकॅलरी उष्णता शोषतो. 15 किलोच्या गावरान कुत्र्याचं अंग त्यानं फार तर अंशभर निवेल, तेही सगळा बर्फ एकदम पोटात गेला तर. खरा फायदा असा, की भांड्यातल्या कोमट पाण्याकडे ढुंकूनही न बघणारा प्राणी चव लागली की चाटत चाटत वाटीभर पाणी पोटात घालतो. आपण कुल्फी नाही, पाणी देतोय, हे डोक्यात ठेवलं की साखर, रूहअफजा, काजू-मनुका असले मोह आपोआप गळतात.

सगळ्यात सोपं टरबूज. डांगरवाडीचा, म्हणजे नदीकाठच्या टरबूज-खरबुजाच्या वाडीचा, हंगाम संपत आलेला असतो, टरबुजं स्वस्त असतात. साल पूर्ण काढायची, कारण सालीचा तुकडा आतड्यात अडकू शकतो. बिया जमतील तेवढ्या काढायच्या. चार-दोन राहिल्या म्हणून आभाळ कोसळत नाही. अर्धा किलो गर गंजात, म्हणजे पातेल्यात, घेऊन हातानं कुस्करायचा. मिक्सर लागत नाही, आणि लागला असता तरी त्या वेळी लाईन नसते. वाट्या भरताना वर बोटभर जागा सोडायची. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. काठोकाठ भरलेल्या डब्याचं झाकण रात्री उडतं आणि सकाळी अख्ख्या कप्प्याला गुलाबी प्लास्टर झालेलं दिसतं. काचेची बरणी तर वापरूच नका.

नुसतं पाणी गोठवलं की दगड होतो. गर आणि त्यातली साखर मिळून बर्फ जरा भुसभुशीत ठेवतात, आणि ते दातांच्या सोयीचं. कडक बर्फ कडाकडा फोडणाऱ्या कुत्र्याचा दात चिरतो. परीक्षा सोपी आहे: अंगठ्याचं नख दाबायचं. नख उमटलं नाही तर थोडं थांबायचं. हे थांबणं थंड गावात पाच मिनिटांचं असेल. आपल्याकडे नौतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, दोन मिनिटांत बर्फ लोण्यासारखा होतो आणि चौथ्या मिनिटाला त्याचं सरबत होतं.

ताकाचा बर्फ कुत्र्यांना जास्त आवडतो, पण तो करणाऱ्याची परीक्षा बघतो. एक वाटी दही, तीन वाट्या पाणी. मीठ नाही, जिरं नाही. घुसळून सरळ ठेवून दिलं की ताकाचा चोथा खाली बसतो, वर पाणी राहतं. मग कुत्रा वरचा बेचव थर चाटून आपल्याकडे असं बघतो, जणू आपण त्याला दूधवाल्याचा हिशोब दाखवला. उपाय असा: अडीच-तीन तासांनी कडा धरल्या की वाटी बाहेर काढून चमच्यानं ढवळायची आणि तेव्हाच ज्वारीच्या भाकरीचा चुरा घालायचा. आधी घातला तर तो तळाला जाऊन लगदा होतो. दुधाचा पदार्थ सगळ्याच कुत्र्यांना पचत नाही, म्हणून पहिल्या दिवशी दोन चमचेच. अंगणात रात्री झाडू मारायची हौस असेल तर मात्र पहिल्याच दिवशी वाटीभर द्या.

तिसरा प्रकार कोंबडीच्या सुपाचा. घरी कोंबडी शिजायची असेल त्या दिवशी मसाला पडायच्या आधीच कोंबडी नुसत्या पाण्यात उकळून त्यातलं दोन गडवे पाणी बाजूला काढायचं. सावजी रस्सा गोठवून द्यायचा विचारसुद्धा नको. तिखट-तेल हा एक भाग, पण खरा धोका कांदा-लसणाचा. ते कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. हाडं काढून टाकायची, कारण शिजलेलं हाड फुटलं की त्याच्या कपच्या सुईसारख्या होतात. सूप फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गार झालं की वर चरबीचा पापुद्रा धरतो. तो काढून टाकायचा आणि मगच खालचं पाणी गोठवायचं. आणि झाकण घट्ट हवं. नाहीतर पोरांच्या बर्फकांडीला कोंबडीचा वास येतो आणि तुमच्या श्वानप्रेमाचा मुकदमा जेवणाच्या ताटावर चालतो.

भांड्याचा आकारही विचार करून निवडावा. घरचा बर्फ चौकोनी ट्रेत, कुत्र्याचा गोल वाटीत; हा नियम एकदा मोडला की सुपाचा खडा पाहुण्याच्या लिंबूपाण्यात तरंगतो. पाहुणा चांगला असेल तर काही बोलत नाही, पण पुन्हा येतही नाही. काडी कधीच खोचू नये. कुत्रा बर्फाबरोबर काडीही गिळतो. काडीच्या जागी काकडीची लांब फोड उभी करावी, ती शेवटी खाऊन टाकता येते. गोळा वाटीतून काढूनच द्यायचा. गोठलेल्या स्टीलला ओली जीभ चिकटते, आणि प्लास्टिकची वाटी असेल तर तीच जेवण ठरते.

लाईनचं गणित ज्याचं त्यानं मांडावं. छोटी वाटी एरवी चार-पाच तासांत गोठते, आपल्याकडे रात्रभराची बोली. सुपाचा बर्फ मधेच पूर्ण वितळून कोमट झाला असेल तर पुन्हा गोठवायचा नाही, फेकायचा.

द्राक्षं, मनुके आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे. आंब्याचा गर चालतो, कोय घशात अडकते. दाण्याचा कूट चमचाभर चालतो. विकतच्या पीनट बटरच्या डबीवर मात्र झायलिटॉल हे नाव शोधा, त्या गोडव्यानं कुत्रा दगावू शकतो. दिवसाच्या खाण्याचा दहावा हिस्सा, त्याहून जास्त लाड नको.

द्यायची वेळ सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर, सावलीत, पाणी भरलेल्या परातीत मधोमध दगड ठेवून त्यावर. नाहीतर कुत्र्याच्या आधी मुंगळे पंगतीला बसतात. आणि तो आडवा पडून जोरात धापत असेल, तोंडातून चिकट लाळ येत असेल, उठताना झोकांड्या जात असेल, तर कुल्फीबिल्फी बाजूला. सावलीत आणून अंगावर पाणी ओतायचं, पंखा लावायचा आणि पशुवैद्यकाकडे न्यायचं. घशात पाणी मात्र कोंबायचं नाही.

इतकं सगळं नीट जमलं तरी शेवटचा अडथळा कुत्राच असतो. पोट भरलेला गावरान कुत्रा गोळा तोंडात धरतो, एकदा आपल्याकडे बघतो आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगाऱ्यामागं नेऊन मातीत पुरतो. उद्यासाठी. दुसऱ्या दिवशी तो तिथं उकरत राहतो. खड्डा हातभर होतो, हाती फक्त ओली माती लागते. मग तो डोकं वर काढून घरातल्या एकेका माणसाकडे बघतो, आणि नजर येऊन थांबते काकाजींवर.