एकलहरेचं गणित फिजिक्सच्या तासाला का नाही?

टी.वाय. बीएस्सीला फिजिक्स घेतलंय. तीन वर्षांत थर्मोडायनॅमिक्स झालं, स्टीफनचा नियम झाला, कृष्णिका झाली. पण हवामान बदल या सगळ्यात कुठेच आला नाही. तो आला पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपरात. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे पदवीच्या प्रत्येक पोराला तो विषय घ्यावाच लागतो आणि त्याची काय गत होते ते सगळ्यांना माहितीये. आदल्या दिवशी नोट्सची झेरॉक्स, हरितगृह परिणामाची कारणे, उपाय म्हणून झाडे लावा, सायकल वापरा. पास झालो, विषय संपला.

माझी तक्रार अशी की हा विषय शिकवताना त्याची सुविचारांची वही करून टाकली. मुळात तो आकडेमोडीचा विषय आहे आणि ती आकडेमोड आम्हाला येते.

स्टीफनचा नियमच घ्या, म्हणजे तापलेली वस्तू तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकते. सूर्याकडून पृथ्वीला दर चौरस मीटरमागे सरासरी ३४० वॅट मिळतात. त्यातले ३० टक्के ढग आणि बर्फ वगैरे परत पाठवतात. उरलेलं नियमात टाकलं की पृथ्वीचं तापमान येतं उणे १८ अंश. प्रत्यक्षात सरासरी आहे अधिक १५ च्या आसपास. मधले ३३ अंश कुठून आले? वाफ, कार्बन डायऑक्साइड अशा वायूंनी जमिनीकडून निघालेली उष्णता अडवली म्हणून. हे वायू उष्णता शोषतात हे टिंडाल या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजून दाखवलंय. म्हणजे यात ‘मानायचं की नाही’ असं काही शिल्लकच नाही. तीन ओळींचं गणित आहे, पण आमच्या लॅबमध्ये हा नियम फक्त बल्बच्या फिलामेंटला लावतात.

आता आपल्या दाराशी या. नाशिकरोडला राहणाऱ्यांना एकलहरेच्या कोळशावरच्या वीज केंद्राची धुराडी नवीन नाहीत. २१० मेगावॅटचे तीन संच, एकूण ६३०. बाहेरून आलेला पाहुणा कूलिंग टॉवरकडे बोट दाखवून म्हणतो, केवढा हा धूर! ती बरीचशी पाण्याची वाफ असते. खरी भानगड उंच चिमणीतून निघते आणि ती दिसतच नाही, कारण कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास. मला वाटतं आपण या विषयात निम्मे तिथेच फसतो. दिसणाऱ्या धुरावर आणि अंगणात पडणाऱ्या राखेवर बोलतो (बोललंच पाहिजे, दमा काही थट्टेचा विषय नाही), पण न दिसणारं हिशोबात धरत नाही.

तो हिशोब असा. आपल्याकडच्या कोळशात राखच ३०-४० टक्के. एका किलोतून साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. वाफ ५४० अंशांची आणि थंड बाजू ४० ची धरली, तर कार्नोच्या सूत्राने (उष्णतेतली जास्तीत जास्त किती कामाला लावता येते ते सांगणारं) ६१ टक्क्यांच्या वर कुणाचा बापही जाऊ शकत नाही. जुन्या संचांना प्रत्यक्षात मिळते एक तृतीयांशच्या आसपास, बाकीची उष्णता हवापाण्यात जाते. म्हणजे एक किलो कोळशाला वीज दीड युनिट. त्या किलोत कार्बन धरा ४०० ग्रॅम. १२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हे तर अकरावीचं केमिस्ट्री. करून बघा. एका युनिटमागे जवळजवळ एक किलो येतो. पूर्ण भार असेल तेव्हा एकट्या एकलहरेतून तासाला सहाशे टन.

हे गणित मी घरी मांडलं तेव्हा पप्पांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मग आपल्या पाण्याच्या मोटारीचं किती?’ आमची पाच एचपीची मोटार, आठ तास चालली तर तीस युनिट. कोळशाचीच वीज धरली तर दिवसाला तीसेक किलो. पप्पा म्हणाले, ‘आणि गारपिटीत द्राक्षबाग आमचीच जाणार.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण बोलणं खरंच आहे. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत त्याच्या सहा-सात पट. निफाडच्या बागायतदाराने जगाची हवा बिघडवली असं कुणी म्हणू नये. एखादी गारपीट दाखवून ‘हा बघा हवामान बदल’ असंही मी म्हणणार नाही. पण हवा एक अंशाने तापली की ती सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे फिजिक्स आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना दोन दिवस झड लागली की डावणी आणि घडकुज हे रोग काय करतात ते द्राक्षवाल्याला सांगायला नको. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा तो हवेत दहा लाखांत ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. बागेवर प्लास्टिकचं क्रॉप कव्हर टाकून सगळं भागणार नाही.

मग एकलहरे उद्या बंद करा? माझ्या वर्गातले काही जण पटकन हो म्हणतात. त्यांच्या घरातलं कुणी तिथे कंत्राटावर नाही. ६६० मेगावॅटचा नवा संच यावा ही तिथल्या लोकांची जुनी मागणी आहे. ती मला पटत नाही, पण त्यामागची पोटापाण्याची काळजी पटते. शिवाय संध्याकाळी सातला घराघरात दिवे लागतात तेव्हा सोलर झोपलेलं असतं. त्यावर घाटघरसारखा उपाय आहे. तिथे वीज जास्त असताना पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरज पडली की खाली सोडून वीज करतात. पण तो प्रकल्प २५० मेगावॅटचा आहे, एवढ्याने काय होणार.

शेतीच्या विजेचं मात्र वेगळं आहे आणि इथे मला कुणाचंच ‘पण’ ऐकायचं नाही. पिकाला पाणी रात्रीच लागतं असं काही नाही. रात्री भरतात कारण थ्री फेज बऱ्याचदा रात्री येते. डिसेंबरात निफाडचा पारा तळाला गेलेला, उसात बिबट्या, आणि माणूस बॅटरी घेऊन वावरात. हाच भार दिवसा आणला तर सोलरची वीज थेट वापरता येते, साठवायची भानगड नाही. २०१७ ची सौर कृषी वाहिनी योजना नेमकी हीच आहे, शेतीच्या फीडरला (शेतीला वीज नेणाऱ्या लाइनला) दिवसा सौर वीज. कोळसा वाचतो हा तिचा फायदा माझ्या मते दुसरा. पहिला फायदा माणूस रात्री घरी झोपतो.

तर मी विभागात एक अर्ज दिलाय. प्रॅक्टिकलला कॅलरीमीटर आहेच. त्याच्या जोडीला कोळशाचा एक तुकडा जाळून राख वजन करायची, घरचं लाईटबिल आणायचं आणि वरचा हिशोब प्रत्येकाने स्वतःच्या युनिटांवर करायचा. सर म्हणाले अभ्यासक्रमात बसत नाही, बघू. विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्यांच्या हातात नाही हे मलाही कळतं. इथे फिजिक्स-केमिस्ट्रीचे जे प्राध्यापक माझ्या यादीत आहेत, त्यांनी आपल्या कॉलेजात असं काही केलं असेल तर कमेंटमध्ये लिहा, त्याची प्रिंट काढून अर्जाला जोडते.